गुलाबी ज्वारी

१

राजन्नाने गाडीचं मागचं झाकण वर केलं, आत वाकून पाहिलं आणि तसाच एक पाऊल मागे सरला. "सेठ, जरा इधर आओ," एवढंच तो म्हणाला. पण ज्या सुरात म्हणाला, तो ऐकून अमर लगबगीने गाडीकडे आला.

इंजिनाच्या कोपऱ्यात उंदरांनी संसार थाटला होता. चिंध्या, उसाची चिपाडं, बोराच्या आठोळ्या, आवळ्याच्या बिया, असा सगळा ऐवज नीट रचून ठेवलेला. शेजारी वायरांचा जुडगा कुरतडून आतलं तांबं उघडं पडलेलं. आणि इंजिनाच्या काळ्या आवरणावर, त्याच्या प्रत्येक खाचेत, पेरल्यासारखे इकडून तिकडे पसरलेले ज्वारीचे दाणे. बरेचसे उंदरांनी पोखरले होते. उरलेले फिकट गुलाबी दिसत होते.

ही गाडी म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. सीटा दोनच, रंग लाल, पोट जमिनीला टेकायच्या बेताचं, आणि इंजिन पुढे नसून मागे. नागपूर रोडवर पाइप आणि मोटारपंपाचं दुकान चालवणाऱ्या अमरने ती हैदराबादेहून जुनी विकत आणली, तेव्हा आदिलाबादचा अर्धा मोहल्ला पाहायला लोटला होता. मोहल्ल्यातला एकूण एक गतिरोधक तिच्या पोटाला घासतो, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती अंगणातच असे, कापडाखाली झाकलेली, उलटी लावलेली, शेपूट तुळशीवृंदावनाला जवळजवळ टेकलेली. तुळशीला धूर लागतो म्हणून अमरची बायको मीनल रोज एकदा तरी बोलून घेत असे.

गाडीबरोबर वाढीव वॉरंटी मिळाली होती आणि तिची मुदत आज संपत होती. ती पुढे चालू करण्याआधी गाडी पाहून यायला कंपनीने राजन्नाला हैदराबादेहून धाडलं होतं. माणूस हाडाचा तपासनीस. त्याने आधी झाकणाच्या फटी दाखवल्या. फटींखाली बारीक जाळी होती, तिच्यातून वाळकं पानसुद्धा आत पडलं नसतं. उंदीर खालून शिरले हे उघड होतं. त्यांनी वायरी खाल्ल्या तर तो खर्च मालकाचा, पण तेवढ्याने वॉरंटी अडणार नव्हती. राजन्नाला खटकत होते ते दाणे. रंगवलेलं धान्य त्याने याआधीही गाड्यांत पाहिलं होतं, आणि दरवेळी ती गाडी नवरदेवाच्या वरातीला भाड्याने गेलेली निघाली होती. भाड्याने दिलेल्या गाडीची वॉरंटी कंपनी पुढे चालू करत नाही, हे त्याने हिंदीत, तेलुगूत आणि हातवारे करून, असं तीनदा सांगितलं.

अमरने शपथा घेतल्या. राजन्नाने त्या ऐकून घेतल्या आणि वाट सांगितली. गाडी कोणी नेली ते लेखी द्या. मालकाच्या परवानगीशिवाय कोणी नेली असेल तर मालकाचा दोष नाही, मात्र पोलिसात दिलेल्या तक्रारीची नक्कल जोडावी लागेल. त्याला इचोड्याला आणखी एक काम होतं. ते उरकून दुपारी परत येतो, असं सांगून तो निघून गेला.

गाडीला किल्ल्या दोन. एक अमरच्या कमरेला होती आणि दुसरी त्याच्या जिवलग मित्राकडे, अनुपकडे.

२

अमर ओट्यावर बसला तो उठेचना. महिनाभर त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, वॉरंटी चालू ठेवावी की सोडून द्यावी. ठेवावी तर आधीच्या हप्त्यांवर आणखी एक हप्ता. सोडावी तर तिसरा गिअर टाकताच गाडी गुरगुरायला लागली होती. हैदराबादच्या मिस्त्रीच्या मते तो गिअरबॉक्स कधीही मान टाकणार होता, आणि नवा बसवायचा तर दुकानच विकावं लागलं असतं. गाडी विकून मोकळं व्हावं म्हटलं, तर नागपूरच्या गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न वॉरंटीचाच विचारला. ठेवता येत नाही, विकता येत नाही आणि चालवता तर मुळीच येत नाही. हौसेने आणलेल्या गाडीने मालकालाच अंगणात बांधून घातलं होतं. शेवटी वॉरंटी चालू ठेवायची असं ठरवून त्याने सुस्कारा टाकला होता, आणि आता ते दारही त्याच्या तोंडावर बंद होत होतं.

मीनलने आतून द्वारका आत्यांना बोलावलं. आत्या म्हणजे अमरच्या वडिलांची बहीण. राहायच्या निर्मलला मुलीकडे, पण गुडघा दाखवायला कालच आल्या होत्या. महसूल खात्यात गिरदावर म्हणून, जमिनींच्या पाहणीत, त्यांची हयात गेली. कोणी कोणाचा बांध कोरला, कोणाची हद्द कुठवर, हे शोधताना त्यांनी भल्याभल्यांची बोलती बंद केली होती. नोकरी सुटली तरी ती सवय सुटली नव्हती.

"कोनी काई हलवू नोका," त्या म्हणाल्या. "मले आदी मुआइना करू द्या."

गुडघा धरत त्या गाडीभोवती फिरल्या. इंजिन पाहिलं, पुढची डिक्की उघडून पाहिली, सीटांवरून, सीटांखालून हात फिरवला. मग चार दाणे तळहातावर घेऊन उन्हात बसल्या. तेवढ्यात अमरला एकाएकी सुचलं. भिंतीपलीकडे चंपतचं बियाण्याचं दुकान होतं. पेरणीच्या बियाण्याला औषध चोपडलेलं असतं आणि त्याचा रंग गुलाबीच असतो. म्हणजे उंदरांनी ज्वारी तिथूनच आणली! वरात नाही, भाडं नाही, भानगड उंदरांची आणि चूक चंपतची. अमरला इतकं हलकं वाटलं की त्याने लगेच भावाला, भूषणला, चंपतकडे पिटाळलं.

चंपत आला तो भांडायच्या तयारीनेच आला, मुठीत आपल्या दुकानातली ज्वारी घेऊन. आत्यांनी भांडणाला जागाच ठेवली नाही. त्याच्या गोदामात उंदीर किती, एवढंच त्यांनी विचारलं.

"उंदीर?" चंपत हसला. "औसद लावलेलं बी आहे ते, बाई. ज्या उंदरानं खाल्लं तो सकाळी उताना सापडते. एकाचंबी बस्तान नाई बसलं माह्या दुकानात."

आत्यांनी दोन्ही दाणे शेजारी ठेवले. चंपतची ज्वारी सगळीकडून सारखी, गडद, आणि वासाने नाक झोंबणारी. गाडीतली ज्वारी कुठे रंगलेली, कुठे कोरी, वास काहीच नाही. शिवाय ती खाऊन उंदरांनी पिलावळ वाढवली होती, मेला एकही नव्हता. आत्यांनी अंगठा ओला करून दाण्यावर घासला. अंगठा लाल झाला.

"कुंकू," मीनल म्हणाली, आणि पुढचं सांगायची कोणाला गरज पडली नाही. इकडच्या लग्नांत अक्षता तांदळाच्या नसतात. कुंकवात घोळलेली ज्वारीच वऱ्हाडाच्या हातावर ठेवतात.

चंपतने मूठ झटकली आणि जाता जाता सहज म्हणाला, "मंग गाडी कोन्या तरी लग्नात गेलती म्हना की."

३

अनुप कचेरीत जायच्या घाईत होता, तरी अमरच्या फोनवर लगेच आला. शाळेत दोघे एका बाकावर बसत. अनुप कलेक्टर कचेरीत कारकून झाला, अमर दुकानात बसला, पण अबे-तुबे तसंच राहिलं. अमर मालासाठी नागपूरला गेला की गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून अनुप येऊन ती सुरू करून ठेवी. दुसरी किल्ली त्याच्याकडे होती ती याच कामासाठी, आणि तीही अमरनेच गळ्यात मारलेली.

पण आज अमरला ते आठवत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की किल्ली अनुपकडे आहे, त्याची बहीण रश्मी हिचं लग्न नुकतंच झालं आहे, आणि राजन्ना दुपारी येणार आहे. आणखी एक गोष्ट होती, ती त्याने स्वतःशीही धड कबूल केली नसती. अनुपचे आजोबा अमरच्या आजोबांच्या शेतात राबायला होते. तो काळ गेला, जयभीमवाल्यांची पोरं शिकून मास्तर-कारकून झाली, अमर अनुपच्या ताटात जेवला. तरी चोर कोण असं मनात येताच पहिलं नाव त्याचंच आलं, आणि फार सहज आलं.

अमरने त्याला बस म्हटलं नाही.

"गाडी कोनाच्या लग्नात नेलती तू?"

अनुपने त्याच्याकडे पाहिलं. मग उघड्या झाकणाकडे, आतल्या दाण्यांकडे, मग तुळशीकडे. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात अमर पुढे बोलून गेला.

"रश्मीच्या लग्नात नेली असन तं सांगून टाक, मी काई म्हनत नाई. पन किरायानं देल्ली असन तं माहं घर बुडवलं तू."

अनुपचं तोंड मिटलं. खिशातून किल्ली काढून त्याने ओट्यावर ठेवली. "तुले जसं वाटते तसं लिही," तो म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

निर्दोष माणूस भांडतो, असं अमरला वाटलं. हा भांडला नाही, म्हणजे झालंच. त्याने दुकानाच्या कोऱ्या कागदावर तक्रार खरडली: माझी गाडी माझ्या परवानगीशिवाय अमुक इसमाने लग्नकार्यास नेली. इसमाच्या जागी नाव घातलं. सरकारी नोकराचं नाव पोलिसात गेलं की नोकरी टांगणीला लागते, हे त्याला पक्कं माहीत होतं.  पण समोर ती लाल गाडी उभी होती आणि तिच्यातून बाहेर पडायची दुसरी फट त्याला दिसत नव्हती.

कागद मराठीत होता आणि पोलिसात द्यायचा तर तेलुगूत हवा होता. दुकानाची, विजेची, आरटीओची तेलुगू कागदपत्रं लिहायला आजवर या घराला एकच माणूस ठाऊक होता, आणि आज नेमका तोच चालणार नव्हता. अमरने भूषणला सांगितलं, कोर्टाजवळ अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्याकडून लिहून घे आणि घेऊन ये, मी सही करतो, मग ठाण्यात देऊ.

भूषण कागद हातात धरून उभा राहिला. "दादा, खरंच देऊन राह्यला तू हे?"

"जाय म्हनलं ना."

भूषण गेला. त्याच क्षणी अंगणातून आत्यांची हाक आली. "अमर, त्या रश्मीच्या लग्नाले तू सोता गेलता ना? मंग मले सांग, तिथं तुह्या हातावर काय ठेवलं होतं?"

४

अमर अंगणात आला. आत्यांनी पुन्हा विचारलं.

"गुलाबाच्या पाकळ्या," तो पुटपुटला.

विहारातलं लग्न होतं ते. वंदना झाली, नवरा-नवरीने एकमेकांना हार घातले, आणि जमलेल्या माणसांनी त्यांच्यावर फुलं उधळली. अक्षता तिथे नव्हत्या, असणारही नव्हत्या. अमर स्वतः तिसऱ्या रांगेत बसून फुलं उधळून, पोटभर जेवून आला होता. हे त्याला माहीत होतं, तरी सकाळपासून एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"म्हनजे रश्मीचं लगन यातून गेलं," आत्या म्हणाल्या.

अमर हट्टाला पेटला. रश्मीचं नसेल, दुसऱ्या कोणाचं असेल. अनुपने गाडी अक्षता टाकणाऱ्या कोणाच्या लग्नाला भाड्याने दिली नसेल कशावरून? आत्यांनी त्याला बोलू दिलं. बांधावरच्या भांडणात माणूस जितका जास्त बोलतो तितकी त्याची हद्द उघडी पडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तो थांबल्यावर त्या विचारायला लागल्या.

वरातीची गाडी लग्नात कुठे उभी असते? मांडवाबाहेर. अक्षता कुठे पडतात? मांडवात, मंगलाष्टकं चालू असताना, नवरा-नवरीच्या डोक्यावर. बाहेर उभ्या असलेल्या गाडीवर अक्षता टाकताना कोणी कोणाला पाहिलं आहे का? आणि नवरा-नवरीच्या अंगावरच्या अक्षता गाडीत गळाल्या म्हणावं, तर त्या सीटवर हव्यात, पायाखाली हव्यात. आत्यांनी सीटांच्या सांदीत बोटं घालून पाहिलं होतं. तिथे दाणासुद्धा नव्हता. सगळ्या अक्षता इंजिनावर.

"उंदरायनं नेल्या असतीन आत," अमर म्हणाला.

"उंदीर ढीग घालते, बावा. पसरत नाई. हे पाह्य, वावरात मूठ फेकल्यावानी पडली आहे ज्वारी. वरून पडली आहे. आनि झाकन लावलेलं असतं तं त्या जाळीतून एक दाना आत गेला नसता, तुह्या राजन्नानंच सांगितलं."

एवढा वेळ दारात उभ्या असलेल्या मीनलने पदर खांद्यावर ओढला. आत्या तिच्याकडे वळल्या. गाडी तिने कधी अंगणाबाहेर जाताना पाहिली का, असं त्यांनी विचारलं. मीनलने सरळ सांगितलं की दिवाळीआधीपासून गाडी फाटकाबाहेर गेलेलीच नाही. अनुप यायचा, गाडी जागेवर सुरू करायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. सकाळपासून तिला हे विचारावं असं कोणालाच वाटलं नव्हतं.

अमरला कोडं पडलं. गाडी गेली नाही, अक्षता तर आल्या. मग त्या अक्षता काय आभाळातून पडल्या?

आत्यांनी त्याला ड्रायव्हरच्या बाजूला नेलं. "हे झाकन उघडाची कळ कुठं असते? दाखव मले."

कळ सीटखाली होती, चाचपडल्याशिवाय हाताला न लागणारी. अमरने ती दाखवली.

"आनि ही कळ या घरात कोनाकोनाले माहीत आहे? अनुपले माहीत आहे काय?"

अनुपला नव्हती. कोणालाच नव्हती. झाकण दरवेळी तोच उघडायचा, अंगाआड हात लपवून, जादूगाराच्या थाटात, आणि लोक तोंडात बोट घालायचे. त्याची भारी हौस होती त्याला.

"मंग ज्या टायमाले अक्षता पडल्या, त्या टायमाले झाकन उघडं होतं," आत्या म्हणाल्या. "आनि ते उघडनारा मानूस एकच आहे."

५

 आत्यांनी अमरला ओट्यावर बसवलं आणि घरट्यातून निवडून काढलेल्या वस्तू एका कागदावर मांडल्या. उसाचं चिपाड. बोराची आठोळी. आवळ्याची बी.

"उंदीर लांब जात नाई. जवळ जे सापडलं ते ओढून नेते. ऊस, बोर, आवळा, तिन्ही एका जागी कवा असते? आनि त्याच जागी अक्षता कवा पडते? मीनल, औंदा तुळशीचं लगन कोनं लावलं?"

"आमीच," मीनल म्हणाली. "इथंच. अख्खा मोहल्ला होता."

आणि अमरला सगळं आठवलं.

तुळशीचा लग्नसोहळा होता, अंगण माणसांनी भरलेलं होतं. वृंदावनाला उसाचा मांडव, समोर बोरं, आवळे. इतकी माणसं आयतीच घरी आलेली पाहून अमरला राहवलं नाही. त्याने गाडीवरचं कापड काढलं, झाकण उघडलं आणि इंजिन मागे असतं म्हणजे काय ते बायाबापड्यांना समजावून सांगितलं. तेवढ्यात हैदराबादच्या दलालाचा फोन आला. गिअरबॉक्सच्या आवाजावरून दोघांची जुंपली. इकडे मंगलाष्टकं सुरू झाली. अमर एका हाताने फोन कानाला लावून, दुसऱ्या हाताने अक्षता टाकत राहिला. त्याच्यासारखेच तुळशीभोवती दाटलेले सगळे टाकत होते. अर्ध्या अक्षता तुळशीवर पडल्या आणि अर्ध्या तिच्यामागे आ वासून उभ्या असलेल्या इंजिनात. फोन संपल्यावर त्याने झाकण लावलं, कापड घातलं आणि उंदरांच्या हिवाळ्याची सोय केली.

आणखी एक गोष्ट आठवली आणि अमरला आपलीच लाज वाटली. त्या संध्याकाळी अनुप आला होता. त्याने हातात अक्षता घेतल्या नव्हत्या, तो फाटकाशी बाजूला उभा होता. सगळ्यांचे डोळे तुळशीवर होते, मोकळ्या डोळ्यांनी पाहणारा तोच एकटा होता. तो जवळ येऊन म्हणाला होता, "अबे, झाकन लाव. दाने पडून राह्यले आत." अमरने फोन कानावरून न काढता त्याला हाताने दूर सर असं खुणावलं होतं.

म्हणजे सकाळी तुळशीकडे पाहून अनुपने तोंड उघडलं होतं ते यासाठी.

अमरने भूषणला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात फाटकाशी राजन्नाची जीप थांबली.

आत्यांनी राजन्नाला सगळं समजावून सांगितलं, मोडक्या हिंदीत पण मुद्देसूद. तुळशीचं लग्न म्हणजे काय ते त्याला समजवावं लागलं नाही, त्याच्याही गावात ते होत होतं. फक्त तिथे असले दाणे उधळत नाहीत. झाकणाखालची जाळी, सीटा, पसरलेले दाणे, एकेक पाहून त्याने मान डोलावली. वायरींचा खर्च मालकाचा, कारण झाकण मालकानेच उघडं टाकलं. पण गाडी भाड्याने गेली नाही, तेव्हा वॉरंटी पुढे चालू करायला हरकत नाही. त्याने मोबाइल पुढे केला, अमरने बोटाने सही केली. महिनाभर ज्या एका गोष्टीसाठी जीव टांगणीला लागला होता, ती अशी दोन मिनिटांत हातात आली. गाडी सुटली नाही, अमरही सुटला नाही. आणखी एका वर्षासाठी दोघे एकमेकांना बांधले गेले.

राजन्ना चहा पिऊन गेला आणि भूषण फाटकातून आत आला. अमर धावतच पुढे झाला. "देल्ला तं नाई ना ठान्यात?"

भूषणने नाही म्हणून मान हलवली. खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने भावाच्या हातात ठेवला. अमरने तो उलगडला. तेलुगू त्याला अडखळत वाचता येई, पण वाचायची गरजच नव्हती. हे गोल, टपोरं अक्षर तो शाळेपासून ओळखत होता.

६

भूषण कोर्टाजवळ गेलाच नव्हता. अनुपला आधी सावध करावं म्हणून तो थेट त्याच्या कचेरीत गेला आणि तो कागद त्याच्यापुढे ठेवला. अनुपने तो दोनदा वाचला, कोरा कागद घेतला आणि बसल्या जागी मजकूर तेलुगूत उतरवून काढला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, कुठल्या हुद्द्यावर नोकरी, जे अमरने लिहिलं नव्हतं तेही सगळं घातलं. भूषण रडायला आला, तेव्हा अनुपने त्याला पाणी दिलं आणि कागदाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली.

अमर तसाच चालत निघाला. गाडी सुरू होण्यासारखी नव्हती, आणि असती तरी तिच्यात बसायचं धाडस त्याला झालं नसतं. अनुप मावल्याला राहायचा. तिथवरच्या रस्त्याने त्याने काय काय बोलायचं ते जुळवलं, आणि अनुपच्या दाराशी पोचेपर्यंत त्यातलं काही उरलं नाही.

अनुप कचेरीतून नुकताच आला होता, दारातल्या बाजेवर बसून बूट काढत होता. त्याने अमरला पाहिलं, बाजेवर सरकून जागा केली. आतून चहा मागवला. एवढं नेहमीसारखं झाल्यावर अमरचा धीर आणखीच खचला.

"मले आठोलं," तो म्हणाला. "तू तवाच म्हनला होता, झाकन लाव म्हनून."

"हो."

"मंग सकाळी काऊन नाई बोलला? एक शब्द बोलला असता तं..."

"तू इचारलं कुठं?" अनुप म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "कोनाच्या लग्नात नेलती, असं म्हनला तू. नेली काय, असं नाई म्हनला. जे तू ठरवून बसला, त्याले मी काय बोलू?"

 चूक झाली, माफ कर, हे शब्द अमरच्या तोंडून आले, पण ते इतके तोकडे होते की त्यालाच ऐकवेनात. त्याला खरंच रडू आलं. वॉरंटी चालू झाली हेही त्याने सांगून टाकलं, का कोण जाणे. अनुपने मान डोलावली आणि म्हणाला, बरं झालं.

चहा झाला. अमरने खिशातून तो तेलुगू कागद काढला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला. अनुपने त्याचं मनगट धरलं. कागद काढून घेतला, पुन्हा नीट घडी घातली आणि अमरच्याच खिशात ठेवला.

"फाडू नोको," तो म्हणाला. "तारीख कोरी ठेवली आहे मी. पुढच्या खेपेले कामी येईन."